दाण्यात दाणा: खडी-वाळूच्या चाळणीचा इतिहास

मालवण तालुक्यातील तोंडवली-तळाशील ही वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी. दाराबाहेर पाऊल टाकले की वाळूच. मग येथे काँक्रीटसाठी किनाऱ्यावरची वाळू का चालू नये? हा प्रश्न वर्गात विचारला, तर 'ती खारट असते म्हणून' असे उत्तर येईल. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच.

हे अर्धे उत्तर फार जुने आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन स्थपती व्हिट्रुव्हियस याने लिहून ठेवले, की समुद्राच्या वाळूने बांधलेली भिंत लवकर वाळत नाही आणि मीठ बाहेर येऊन गिलावा सुटतो. पुढे काँक्रीटमध्ये सळया आल्या आणि धोका वाढला. मिठामुळे सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट तडकते.

उरलेले अर्धे उत्तर दाण्यांच्या आकारात आहे. ते पाहण्यासाठी एक प्रयोग करू. एका बरणीत सारख्या आकाराच्या गोट्या भरा आणि मापाने पाणी ओता. बरणीच्या सुमारे 40 टक्के पाणी मावेल. म्हणजे तेवढी जागा पोकळ होती. आता गोट्या कोरड्या करून पुन्हा भरा, फटींत कोरडी वाळू हलवून-हलवून बसवा आणि पाणी मोजा. ते पुष्कळ कमी मावेल. गंमत अशी, की दाणे एकाच मापाचे असतील, तर ते कितीही बारीक असोत, पोकळी साधारण तेवढीच राहते. पोकळी कमी होते ती लहानमोठे दाणे एकत्र आल्यावर. लाटा आणि वारा मात्र किनाऱ्यावरची वाळू निवडून बहुधा एकाच मापाची करून ठेवतात.

पोकळी भरायची ती सिमेंटने, आणि सिमेंट महाग. म्हणून 1892 मध्ये फ्रान्समधील बुलोन येथे रने फेरे याने निरनिराळ्या मापांची वाळू मिसळून पाहिली. मिश्रणात पोकळी जितकी कमी, तितके ते मजबूत, हे त्याने दाखवले. 1907 मध्ये अमेरिकेत विल्यम फुलर आणि सॅनफर्ड थॉम्प्सन यांनी दाट मिश्रणाचा वक्र मांडला. त्याचे पुढे रूढ झालेले रूप सोपे आहे: दाण्याचे माप चौपट कमी केले, की त्या चाळणीतून पडणारा माल निम्मा होतो. सर्वांत मोठी खडी 20 मिलिमीटरची असेल, तर 5 मिलिमीटरच्या चाळणीतून 50 टक्के आणि 1.25 मिलिमीटरच्या चाळणीतून 25 टक्के माल पडावा.

पण निव्वळ दाटपणा पुरत नाही. काँक्रीट साच्यात सरकलेही पाहिजे. दाणा बारीक झाला, की तितक्याच वजनाच्या वाळूचे पृष्ठफळ वाढते, ते भिजवायला पाणी जास्त लागते. 1918 मध्ये शिकागोच्या डफ अब्राम्स याने दाखवले, की सिमेंटच्या मानाने पाणी वाढले की ताकद घटते. चाळणीचे खरे महत्त्व येथे कळले.

भारतीय मानक 383 च्या 1970 च्या आवृत्तीत वाळूचे चार वर्ग आहेत. 600 मायक्रॉनच्या चाळणीतून 80 टक्क्यांहून अधिक पडणारी वाळू चौथ्या वर्गात मोडते. मिश्रणाची चाचणी घेतल्याशिवाय ती सळईच्या काँक्रीटमध्ये वापरू नये, असे त्यात म्हटले आहे.

म्हणून लहानमोठ्या दाण्यांची, मिठाने न माखलेली नदीची वाळू सर्वांना हवी असते. येथे गोष्ट पुन्हा तोंडवलीला येते. नदी समुद्राकडे आणते त्या वाळूवरच असे किनारे पोसले जातात. तळाशीलचा किनारा तर धुपतो आहे. नदीतून आणि खाडीतून उचललेली प्रत्येक पाटी किनाऱ्याच्या हिशेबातून वजा होते. 1970 च्या मानकाच्या नावात 'नैसर्गिक स्रोतांतील' खडी-वाळू असे शब्द होते. 2016 च्या आवृत्तीत ते गेले आणि दगड दळून केलेल्या वाळूबरोबर इतर तयार मालालाही जागा मिळाली. या वाळूचे दाणेही चाळणीनेच जुळवावे लागतात.

आपल्या शाळेजवळ बांधकाम चालू असेल, तर तेथील मूठभर वाळू आणा. घरातल्या चहाच्या, रव्याच्या, पिठाच्या चाळण्यांतून ती चाळा आणि प्रत्येक चाळणीवर उरलेला माल तोला. ती वाळू कोणत्या नदीची, हेही मुलांना विचारून यायला सांगा.