जामिनकीवर चालणारी पुस्तकं

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावी कॉलेजचं ग्रंथालय सांभाळणाऱ्याच्या एक गोष्ट लवकर ध्यानात येते. आपल्याच मुलखाचा इतिहास आपल्या कपाटात नसतो. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा निघाला. मध्य प्रांतात जवळपास शतकभर नांदून तो १९५६ साली विदर्भाबरोबर मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. राजधानी बदलली की कागद हलतात, आणि सगळेच काही एका ठिकाणी जात नाहीत. हिंगणघाटचा कापूस एकेकाळी गावाच्या नावानंच बाजारात ओळखला जायचा. त्याविषयी कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६०च्या दशकात अहवाल लिहिले. रसेल यांनी संपादित केलेलं वर्ध्याचं गॅझेटिअर १९०६ साली निघालं. ज्या मातीबद्दल हे सगळं लिहिलं गेलं तिथे मात्र यातलं एकही पुस्तक मिळायचं नाही.

म्हणून दुसऱ्या ग्रंथालयाकडे हात पसरायचा. आमच्या भाषेत याला ‘आंतरग्रंथालयीन देवघेव’ म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम एका साध्या पत्रावर चालायचं. कापसाच्या बाजारपेठेवर पीएच.डी. करणारे एक प्राध्यापक माझ्या टेबलाशी येऊन बसायचे. लेखक, ग्रंथनाम, प्रकाशनवर्ष आणि संदर्भ कुठे सापडला ते मी त्यांच्याकडून लिहून घ्यायचो. वर्ष चुकलं की पत्र परत आलंच म्हणून समजा. मग लेटरहेडवर विनंतीपत्र टाइप व्हायचं. त्याच्याखाली प्राध्यापकांची नाही, माझी सही असायची. पुस्तक वाचणार ते. हरवलं, भिजलं, पान निघालं तर भरून देणार आमचं ग्रंथालय. देणाऱ्या ग्रंथपालानं वाचकाला कधी पाहिलेलं नसे. तो विश्वास टाकायचा तो आमच्या सहीवर आणि शिक्क्यावर.

पुस्तक यायचं ते खाकी कागदात, सुतळीनं बांधून. आतलं तपासता यावं म्हणून पुडक्याची टोकं उघडी ठेवलेली असत. बुकपोस्टाच्या स्वस्त दराची ती अट होती. त्या उघड्या टोकातून पुठ्ठ्याचा कोपरा दुमडायचा, म्हणून जाणती माणसं आत जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे लावून मगच सुतळी आवळायची. आमचा शिपाई दारातूनच ओरडायचा, “सर, नागपूरचं पुस्तक आलं जी!” ते सोडवलं की आधी पानं मोजायची आणि नकाशे जागेवर आहेत का ते पाहायचं. काही उणं असलं तर त्याच दिवशी कळवायचं, नाहीतर ते आपल्या खाती पडतं. टपालाला उशीर होणार असं दिसलं तर जाम गावावरून जाणाऱ्या एस.टी.नं कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पुस्तक धाडलं जाई. नियमात ते बसत नसे, पण पुस्तक पोचत असे.

ही रीत विद्यापीठांनी काढली असं आपण समजतो. अमेरिकेत बर्कलेच्या ग्रंथपालांना, जोसेफ रॉवेल यांना, दुसऱ्या ग्रंथालयांशी देवघेव करायची परवानगी १८९४ साली मिळाली आणि तिथल्या ग्रंथालय संघटनेनं १९१७ साली तिची नियमावली केली, हे खरं. पण आपल्याकडे पोथ्यांची देवघेव त्याआधीपासून चालू होती. मुंबई सरकारनं १८६०च्या दशकात संस्कृत पोथ्यांचा शोध सुरू केला. ब्यूलर, कीलहॉर्न, रा. गो. भांडारकर यांनी जमवलेला हा संग्रह आधी डेक्कन कॉलेजात होता आणि १९१८ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला. त्यातली पोथी परगावच्या अभ्यासकाला हमीपत्रावर मिळत असे. माझ्या विनंतीपत्राचं मूळ मला या हमीपत्रात दिसतं.

याच संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला हात घातला गेला आणि १९६६ साली ते काम पुरं झालं. त्यासाठी शारदा, नेपाळी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या १,२५९ पोथ्या तपासल्या गेल्या. बऱ्याच पोथ्या पुण्यात आल्या, पण सगळ्या यायच्या नव्हत्या. मग पाठ जुळवण्याची केंद्रं तंजावरला आणि शांतिनिकेतनात उघडली. तिथली माणसं चौकटी आखलेल्या कागदांवर अक्षर न् अक्षर मांडून पाठभेद उतरवत आणि ते कागद पुण्याला धाडत. पोथी जागेवरच राहिली, पाठ तेवढा प्रवासाला निघाला. पुढे झेरॉक्सनं हेच केलं. आमच्या प्राध्यापकांनाही जुना अहवाल शेवटपर्यंत मिळाला नाही. ‘दुर्मीळ, बाहेर देता येत नाही’ असं उत्तर आलं आणि मागोमाग हव्या त्या प्रकरणाच्या छायाप्रती आल्या. काही आकड्यांवर शाई पसरली होती. तेवढ्यासाठी त्यांना स्वतः जाऊन बसावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर विज्ञानाच्या नियतकालिकांसाठी हे काम केंद्र सरकारनं अंगावर घेतलं. दिल्लीत १९५२ साली युनेस्कोच्या मदतीनं इन्सडॉक ही संस्था निघाली. लेखाचा संदर्भ कळवला की तिथून छायाप्रत यायची आणि लेख परभाषेतला असेल तर भाषांतरही करून मिळायचं. पण मागायचं कुणाकडे, हा प्रश्न उरलाच होता. कोणतं नियतकालिक कोणत्या ग्रंथालयात आहे हे सांगणारी संयुक्त सूची हवी होती. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी सहकाऱ्यांबरोबर दक्षिण आशियातल्या नियतकालिकांची तशी सूची १९५०च्या दशकात काढली. मराठी पुस्तकांपुरता आमचा आधार शंकर गणेश दाते. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ या काळातली पुस्तकं आहेत. एखादं पुस्तक खरंच निघालं होतं की नुसतं ऐकिवात आहे, याचा निकाल तिथे लागायचा. पुढचा शोध पोस्टकार्डावर.

मग संगणक आले. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या इन्फ्लिबनेटचा आरंभ १९९१ साली पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या आश्रयानं झाला आणि १९९६ साली ती स्वतंत्र संस्था झाली. विद्यापीठांना ई-नियतकालिकं मिळू लागली, पुढे एन-लिस्ट योजनेतून ती कॉलेजांपर्यंत आली. वर्षाची थोडी वर्गणी भरून तालुक्याच्या कॉलेजातला शिक्षक हजारो नियतकालिकं उघडू लागला. प्रबंध ‘शोधगंगा’वर वाचता येतात. रसेलचं गॅझेटिअर आता मोबाइलवर दिसतं. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेखाली सरकारी संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली. एवढं झाल्यावर त्या खाकी पुडक्याची गरज काय, असं मला तरुण सहकारी विचारतात.

त्यांना मी एवढंच सांगतो, की मिळायला लागले ते मुख्यत्वे इंग्रजी लेख. १९३० साली नागपुरात छापलेली मराठी पुस्तिका, गिरडच्या यात्रेवरचं एखादं स्थानिक चोपडं, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका या गोष्टी वर्गणी घेऊन पुरवणारा प्रकाशक नाही. त्यांची प्रत कुठल्या तरी एकाच कपाटात असते आणि तिथून ती आजही जामिनकीवरच निघते. त्यातच डिसेंबर २०२४मध्ये टपाल खात्यानं पुस्तकांची स्वस्त रजिस्टर सेवा बंद केली. एक लेख परदेशातून क्षणात येतो, आणि नागपूरहून समुद्रपूरला पुस्तक आणणं मात्र तेव्हा पूर्वीपेक्षा महाग झालं.

एकदा उलटं घडलं. एका विद्यापीठातून आमच्याकडेच मागणी आली, एका जुन्या स्थानिक स्मरणिकेची. ती आमच्याकडे होती, पण दाखल नोंदवहीत नव्हती. कुणीतरी भेट दिलेली, कपाटाच्या वरच्या फळीवर पडून राहिलेली. मागणाऱ्याला तिचा पत्ता माझ्या ओळखीच्या माणसाकडून लागला, सूचीतून नव्हे. त्या दिवशी मी पहिल्यांदा देणाऱ्याच्या खुर्चीत बसलो. मागणीपत्रावरची अनोळखी सही बराच वेळ न्याहाळली आणि मग पुडकं बांधलं.

राज्यात १९६७च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली सुमारे ११ हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. गावोगावच्या अशा वाचनालयांत जे कागद पडून आहेत ते कुठल्याही विद्यापीठाच्या सूचीत नाहीत. संशोधक मागत नाहीत, कारण आपल्याकडे काय आहे हे आपण कळवलेलं नाही. नवं सॉफ्टवेअर, नवी वर्गणी यायची तेव्हा येईल. तालुक्याच्या ग्रंथपालानं आधी वरची फळी खाली काढावी, प्रत्येक पुस्तिकेला दाखल क्रमांक द्यावा आणि ती यादी विद्यापीठाला धाडावी. आजवर आपण नागपूरकडे मागत आलो. यादी पोचली की नागपूरही आपल्याकडे मागेल.