सेक्टर १६ चे आझाद सर

मागच्या भागात अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या प्रशिक्षकांचा विषय निघाला होता. तिथे कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सर्वांत वरचं नाव गव्हर्नरचं नसतं, विद्यापीठाच्या फुटबॉल कोचचं असतं. आपल्याकडे कोचचं नावसुद्धा लोकांना ठाऊक नसतं. मी चंडीगडला राहतो, म्हणून इथल्याच एकाबद्दल सांगतो: देशप्रेम आझाद.

कपिलदेवचा जन्म इथलाच, १९५९ चा. सेक्टर १६ च्या संघाला एक गडी कमी पडला म्हणून तेरा वर्षांच्या या पोराला खेळायला घेतलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण गडी कमी पडला म्हणून कुणी कपिल होत नाही. त्यापुढची मेहनत आझाद सरांची. शिस्तीला कडक अशी त्यांची ख्याती. फौजेत ड्रिल शिकवणाऱ्याला आम्ही उस्ताद म्हणतो. त्याच जातकुळीतला माणूस. नोव्हेंबर १९७५ मध्ये कपिल हरियाणाकडून पंजाबविरुद्ध उतरला आणि पहिल्याच डावात सहा बळी घेतले. १९७८ च्या ऑक्टोबरात फैसलाबादला कसोटी.

अशोक मल्होत्रा, योगराज सिंग, चेतन शर्मा हेही त्यांच्याच हाताखालचे.

मला कपिलपेक्षा चेतनचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. एप्रिल १९८६, शारजा. शेवटचा चेंडू, मियाँदादचा षटकार. त्या रात्री आमच्या मेसमध्ये कुणी जेवलं नाही, आणि चेतनला शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो. पण त्याच उन्हाळ्यात त्याने लॉर्ड्सवर एका डावात पाच आणि बर्मिंगहॅमला सामन्यात दहा बळी घेतले. पुढच्या वर्षी ३१ ऑक्टोबरला नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध रदरफोर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड, तिघांचेही त्रिफळे. विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक! गावसकरांचं एकमेव एकदिवसीय शतक त्याच दिवशीचं, त्यामुळे आपल्या लोकांना तेच जास्त आठवतं. मार खाल्लेला जवान दोन महिन्यांत पुन्हा उभा राहतो, तेव्हा त्याचा पाया कुणी घातला हे आम्ही फौजी आधी विचारतो.

१९८६ चाच द्रोणाचार्य पुरस्कार आझाद सरांना मिळाला. क्रिकेटमधले ते पहिले मानकरी. त्याच वर्षी बुद्धिबळासाठी आपले रघुनंदन गोखले होते. आचरेकर सरांना तो १९९० मध्ये मिळाला.

मुंबईकरांनी आता जरा मन घट्ट करा. मे १९९१, वानखेडे, रणजी अंतिम सामना. मुंबईला ३५५ हव्या होत्या, सचिन ९६, वेंगसरकर नाबाद १३९, आणि मुंबई ३५२ वर संपली. हरियाणाचा कप्तान कपिल, सोबत चेतन. म्हणजे आचरेकरांच्या शिष्यासमोर आझादांचे दोन शिष्य उभे होते, आणि दोन धावांनी कप हरियाणाला गेला.

आझाद सर २०१३ मध्ये गेले. सेक्टर १६ चं मैदान माझ्या सकाळच्या फिरण्याच्या वाटेवर आहे. नेट्स अजून लागतात. गेल्या आठवड्यात एक पोरगा उशिरा आला, तर त्याच्या उस्तादाने त्याला आधी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. मी तिसऱ्या फेरीपर्यंत थांबलो होतो.