आकाशांत पक्षी नव्हते तेव्हां

मध्य फ्रान्समधील कोमांत्री गांवीं दगडी कोळशाच्या खाणी होत्या. तेथील कारभार पाहणारे अभियंते आंरी फायोल हे पुढें व्यवस्थापनशास्त्राचे एक जनक म्हणून जगभर गाजले. परंतु कीटकांचा इतिहास सांगावयाचा तर त्यांचें नांव निराळ्याच कारणासाठीं घ्यावें लागतें. कोळशाबरोबर निघणाऱ्या दगडांत पानांचे, माशांचे आणि किड्यांच्या पंखांचे ठसे दिसत. ते त्यांनीं वायां जाऊं दिले नाहींत. गोळा करून शार्ल ब्राँन्यार या तरुण शास्त्रज्ञाकडे अभ्यासासाठीं सोपविले. १८८० सालीं कोमांत्रीस एक असा ठसा मिळाला कीं, त्याच्या आकारावरून पाहणाऱ्यास तो पक्ष्याचाच वाटावा. पण पक्ष्याच्या पंखावर पिसें असतात. येथें होतें शिरांचें दाट जाळें. ब्राँन्यार यांनीं १८८५ सालीं त्या प्राण्यास ‘मेगान्यूरा’, म्हणजे मोठ्या शिरांचा, असें नांव दिलें.

त्याच्या पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारें ६५ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन फुटांच्या घरांत होती. पावसाळा सरतां सरतां शेतांवर घिरट्या घालणारा चतुर सर्वांच्या पाहण्यांतला आहे. मेगान्यूरा हा त्याचा साक्षात् पूर्वज नव्हे, भाऊबंदांपैकीं म्हणावा. पण पसारा मात्र पारव्याच्या पंखांएवढा! पुढें १९३९ सालीं फ्रँक कार्पेंटर यांनीं अमेरिकेतील कॅन्सस प्रांतांतून त्याच कुळांतला आणखी एक प्राणी जगापुढें आणला. त्याच्या पंखांचा विस्तार ७१ सेंटिमीटरांच्या आसपास असावा, असा अंदाज आहे. याहून मोठे पंख असलेला कीटक आजवर कोणासहि सांपडलेला नाहीं.

हे प्राणी सुमारें तीस कोटि वर्षांपूर्वींचे. त्या काळीं दलदलींतून उंच वृक्ष माजले होते, आणि पाण्याकांठीं बेडकांचे दूरचे नातलग सरपटत होते. हवेंत उडणारा प्राणी मात्र एकच, आणि तो म्हणजे कीटक.

एवढ्या आकाराचा कीटक त्या काळीं जगला, तर आज तसा एकहि कां नसावा? पहिलें उत्तर श्वासोच्छ्वासांत शोधलें गेलें. कीटकास फुप्फुसें नाहींत. त्याच्या अंगाच्या दोहों बाजूंस बारीक छिद्रें असतात व त्यांतून निघालेल्या नळ्यांच्या शाखा थेट प्रत्येक स्नायूपर्यंत हवा पोंचवितात. लहान देहास ही व्यवस्था उत्तम. पण देह वाढला कीं नळ्या लांबतात, त्यांनाच अंगांत अधिक जागा लागते, आणि टोंकाशीं प्राणवायु तोकडा पडूं लागतो. हार्ले आडनांवाच्या दोघां फ्रेंच अभ्यासकांनीं १९११ सालीं असें सुचविलें कीं, त्या काळचें वातावरणच अधिक दाबाचें असावें. पुढें शास्त्रज्ञांचा भर प्राणवायूवर आला. आज हवेंत तो २१ टक्के आहे. त्या युगांत तो ३० टक्क्यांच्याहि वर गेला असावा, असें गणित मांडलें जातें. याचें कारण मोठें मनोरंजक आहे. पडलेलीं झाडें पूर्ण कुजलीं असतीं, तर त्यांनीं सोडलेला प्राणवायु त्या कुजण्यांतच खर्च झाला असता. पण तीं चिखलांत गाडलीं गेलीं, त्यांचा कोळसा झाला, आणि प्राणवायु हवेंत शिल्लक राहिला. ज्या कोळशाच्या खाणीनें मेगान्यूराचा ठसा जपून ठेवला, तसल्याच कोळशानें त्याच्या श्वासाचीहि सोय करून ठेविली होती!

परंतु एवढ्यानें सारा उलगडा होत नाहीं. इंग्लंडच्या नॉर्थंबरलंड किनाऱ्यावर २०१८ सालीं कड्यावरून कोसळलेल्या एका दगडांत ‘आर्थ्रोप्ल्युरा’ या प्राण्याचा अवशेष मिळाला. हा कीटक नव्हे. आपल्याकडील ‘वाणी’ नांवाच्या असंख्य पायांच्या किड्याचा नातलग. लांबी सुमारें २.६ मीटर, वजन अंदाजें ५० किलो! आणि त्याचा काळ प्राणवायूचा चढ परमावधीस पोंचण्यापूर्वींचा. म्हणजे केवळ हवेवर बोट ठेवून भागत नाहीं.

२०१२ सालीं क्लॅपॅम आणि कार या अमेरिकन संशोधकांनीं साडेदहा हजारांवर अश्मीभूत पंखांचीं मापें एकत्र केलीं. प्रारंभीं दीर्घकाळ प्राणवायूचा चढउतार व सर्वांत मोठ्या कीटकांचा आकार हातांत हात घालून चालतात. नंतर, सुमारें १५ कोटि वर्षांपूर्वीं, ही संगत सुटते. प्राणवायु वाढत असतांहि पंख आंखूडच होत जातात. पक्षी अवतरले तो हाच काळ. मोठ्या पंखांच्या कीटकास झटकन् वळतां येत नाहीं. चोंच मागें लागली कीं त्याचा थोरपणाच त्याच्या नाशाला कारण होतो. हा कार्यकारणभाव अनुमानाचा आहे खरा, पण आजच्या थोर कीटकांकडे पाहिलें म्हणजे तो पटूं लागतो.

हे थोर कीटक जगतात तरी कसे? चीनच्या ग्वांग्शी प्रांतांत २०१४ सालीं सांपडलेला काडीकिडा ६२ सेंटिमीटरांहूनहि लांब होता. पण तो फांदीचें सोंग घेऊन निश्चल बसतो. सह्याद्रीच्या दाट रानांत आढळणारा ॲटलस पतंग वीतभराहून रुंद पंख बाळगतो; पण उडतो तो पांखरें झोपीं गेल्यावर. न्यूझीलंडमध्यें ‘वेटा’ नांवाचा रातकिड्याचा एक बिनपंखी जातभाई आहे. त्याच्या एका मादीचें वजन ७१ ग्रॅम भरलें. दोन चिमण्यांचा भार म्हणाना! त्या देशांत वटवाघळें सोडलीं तर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नव्हता. माणसाबरोबर उंदीर आले, आणि हा सर्वांत थोर वेटा उत्तरेकडच्या एका लहानशा बेटापुरता उरला.

सर्वांत बोलकी हकीकत ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील लॉर्ड हाऊ बेटाची. तेथें वीतभर लांबीचा, जाडजूड काळा काडीकिडा विपुल असे. कोळी त्याचा गळास आमिष म्हणून उपयोग करीत. जून १९१८ मध्यें ‘मकाम्बो’ नांवाची आगबोट तेथें खडकाला लागली आणि तिच्यांतून उंदीर किनाऱ्यावर उतरले. थोड्याच वर्षांत तो किडा बेटावरून नाहींसा झाला. पुढें २००१ सालीं सुमारें २३ किलोमीटर अंतरावरच्या बॉल्स पिरॅमिड या समुद्रांत उभ्या असलेल्या उघड्या सुळक्यावर शोधकांस एका झुडपाच्या आश्रयानें राहिलेले २४ किडे आढळले. त्यांतून २००३ मध्यें दोन जोड्या मुख्य भूमीवर नेल्या. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयांतली मादी लवकरच मरणोन्मुख झाली. रक्षकानें साखर व कॅल्शियम यांचें मिश्रण थेंबाथेंबानें तिच्या तोंडीं घालून तिला वांचविलें. तिच्या अंड्यांतून पुढें हजारों किडे झाले. इकडे लॉर्ड हाऊ बेटावर २०१९ सालीं उंदरांच्या समूळ निर्मूलनासाठीं सर्वत्र विषारी आमिष पसरण्यांत आलें.