ऑफसेट, ड्रिफ्ट आणि शेजारी बसलेले दोन ट्रान्झिस्टर

ऑप-ॲम्पच्या डेटाशीटमध्ये इनपुट ऑफसेट व्होल्टेजच्या जवळच ड्रिफ्टची ओळ असते: दर अंश सेल्सिअसला किती मायक्रोव्होल्ट. बरेच जण ती वाचतच नाहीत. तुम्ही वाचा, कारण त्या आकड्यामागे बरीच वर्षं गेली आहेत.

व्हॅक्यूम ट्यूबच्या काळात ड्रिफ्ट इतका असायचा की १९४९ मध्ये आरसीएच्या एडविन गोल्डबर्ग यांनी थेट चॉपरचा आधार घेतला. पुढे सिलिकॉन आलं आणि प्रश्नाचं रूप बदललं. ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतं. इनपुटला दोन ट्रान्झिस्टर समोरासमोर असल्यामुळे ही घट एकमेकांत वजा होते, पण दोघांचं तापमान सारखं असेल तरच! फरक फक्त ०.०१ अंशाचा पडला, तरी २० मायक्रोव्होल्टची चूक तयार. आणि फरक पडतोच, कारण त्याच चिपवरचा आउटपुट ट्रान्झिस्टर लोडला करंट देताना तापत असतो.

१९६९ मध्ये फेअरचाइल्डच्या जॉर्ज एर्डी यांनी म्यूए-७२५ मध्ये यावर उपाय केला. इनपुटचा प्रत्येक ट्रान्झिस्टर दोन भागांत केला आणि ते भाग तिरपे जोडले. चिपची एक बाजू तापली तरी दोघांच्या वाट्याला उष्णता सारखीच येते. मला हे फार आवडतं. यात नवा घटक एकही नाही, फक्त मांडणी.

तापमान सारखं ठेवलं तरी एक गोष्ट उरते. बायपोलर जोडीतल्या असमानतेमुळे येणारा ऑफसेट केल्व्हिनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतो. ३०० केल्व्हिनला तो १ मिलिव्होल्ट असेल, तर ड्रिफ्ट दर अंशाला ३.३ मायक्रोव्होल्ट. म्हणजे ऑफसेटच शून्याजवळ आणला की ड्रिफ्टही बराचसा जातो. एर्डी यांनीच १९७५ मध्ये पीएमआयच्या ओपी-०७ साठी वेफरवरच झेनर डायोड मुद्दाम शॉर्ट करून ऑफसेट जुळवला. त्याच्या ई ग्रेडला ऑफसेट जास्तीत जास्त ७५ मायक्रोव्होल्ट, ड्रिफ्ट १.३. मॉसफेट इनपुटला मात्र हा नियम लावू नका.

आता तुमचं मोजमाप घ्या. के-टाइप थर्मोकपल अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. इनपुट जोडीचा ऑफसेट २ मिलिव्होल्ट असेल आणि खोली १० अंशांनी तापली, तर ६६ मायक्रोव्होल्ट सरकतील. म्हणजे नमुना न तापताच ग्राफवर दीड अंशाहून जास्त चढ. ओपी-०७ ई घेतला तर फार तर १३ मायक्रोव्होल्ट, साधारण एक तृतीयांश अंश. म्हणून पुढच्या वेळी ग्राफ हळूहळू चढताना दिसला, तर गाइडकडे धावण्याआधी इनपुट शॉर्ट करून तीच नोंद पुन्हा घ्या, आणि सोबत खोलीचं तापमानही लिहा.