पाहून शिकलेला खो-खो

खो-खोचे कौशल्य छापील नियमांपेक्षा डोळ्यांच्या वाटेने अधिक पसरले. नियम मात्र लवकर छापले गेले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 च्या सुमारास खेळाला नियमांची चौकट घालायला सुरुवात केली, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने 1924 मध्ये आपली नियमावली प्रसिद्ध केली आणि 1935 मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना राज्यभर चालेल असे रूप दिले. पुढच्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. चौक किती, खांब किती उंच, पाळी किती मिनिटांची, हे नियमावली सांगते. धावता धावता अंग कधी चोरायचे, हे तिच्यात नसते.

पुणे, बडोदा, इंदूर या जिमखान्यांच्या शहरांत ही अडचण फार जाणवली नाही. मोठी मुले खेळत, लहान मुले मैदानाच्या कडेला बसून पाहत आणि संध्याकाळी तेच करून बघत. मराठवाड्याची स्थिती वेगळी होती. आजचा धाराशिव जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. नामवंत खेळाडू ज्या मैदानांवर रोज घाम गाळत होते, ती मैदाने येथून लांब होती.

हे अंतर स्पर्धांनी कमी केले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1959-60 मध्ये विजयवाडा येथे झाली. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा 1961 मध्ये कोल्हापूरला सुरू झाली. बडोद्याचे सुधीर परब यांना 1970 मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच दशकात श्रीरंग इनामदार आणि उषा नगरकर या महाराष्ट्राच्या खेळाडूंनाही तो लाभला. अशा खेळाडूंचा सामना एकदा पाहिला की गावाकडच्या संघाला वर्षभर सरावाला पुरेल इतके मिळे. राष्ट्रीय स्पर्धेतील सर्वोत्तम पुरुष खेळाडूच्या पुरस्काराला एकलव्याचे नाव आहे, आणि ते या खेळाला शोभते.

पाहायचे काय, हा मात्र खरा प्रश्न. नवख्याची नजर खांबावरच्या सुराकडे जाते, कारण टाळ्या तिथे पडतात. जाणता प्रशिक्षक पळणाऱ्याकडे पाहायला सांगतो. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा घेतल्यावर मागे फिरता येत नाही, दोन खांबांच्या मधून मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्यावर ही दोन्ही बंधने नाहीत. म्हणून मुरलेला संरक्षक पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यांवर लक्ष ठेवतो. खांदे वळले की दिशा ठरली, आणि मगच तो हुलकावणी देतो. त्याच्या आधी तो मुद्दाम संथ असतो, दम राखून असतो. एकेरी साखळीत बसलेल्या प्रत्येक खेळाडूमधून वळसे घेत जाणे दिसायला सोपे. खरे कसब साखळी मोडून मधेच गोल खेळाकडे, म्हणजे काही बसलेल्या खेळाडूंभोवती गोल फिरण्याकडे, जाण्याच्या क्षणात असते. तिघांच्या तुकडीतला एक पळत असताना उरलेले दोघे कुठे उभे राहतात, हेही तितकेच पाहण्यासारखे. आक्रमणात तर धावणाऱ्यापेक्षा बसलेला खेळाडू जास्त शिकवतो: टाचा उचललेल्या, हात जमिनीला लागलेले, नजर पळणाऱ्यावर. खो मिळताच चौकातून सुटण्याचा वेग या बसण्यावरच ठरतो.

धाराशिवने ही विद्या मनापासून उचलली. येथील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने 2016 च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो तब्बल 22 वर्षांनी मिळत होता. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांचे नाव या घडणीशी जोडलेले आहे. घरची परिस्थिती बेताची असलेली जिल्ह्यातील मुलगी देशाची कर्णधार होते, याचे मोल पदकाहून मोठे आहे. सरावाला येणाऱ्या लहान मुलींना अव्वल दर्जाचा खेळ आता आपल्याच मातीत पाहता येऊ लागला.

ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली आणि सामने दूरचित्रवाणीवर आले. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवले. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते आणि महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. जिल्ह्याच्या पश्चिमेला, परंडा तालुक्यात, काळभैरवनाथाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध असलेल्या सोनारीसारख्या गावातही हे सामने आता मोबाइलवर पाहता येतात, थांबवून पुन्हा पाहता येतात. पूर्वीच्या पिढीला ही सोय नव्हती.

पडद्याला मर्यादाही आहेत. कॅमेरा धावणाऱ्या जोडीमागे जातो. बसलेले खेळाडू आणि कडेला थांबलेले संरक्षक चौकटीबाहेर राहतात. लीगचा खेळ मॅटवर, सात मिनिटांच्या पाळीचा, आणि त्यात कोणत्याही दिशेने धावू शकणारा ‘वजीर’ असतो. पारंपरिक खो-खोत वजीर नाही आणि वरिष्ठ गटाची पाळी नऊ मिनिटांची असते. त्यामुळे लीग पाहून शिकणाऱ्याने सूर, सुटण्याचा वेग आणि हुलकावणी घ्यावी. वजिराच्या चाली शालेय मैदानावर आणल्या तर पंचांची शिट्टी वाजते.