ट्रायक्लोरोॲसिटिक अम्ल
ॲसिटिक अम्लाच्या मिथिल गटातील तिन्ही हायड्रोजन अणूंच्या जागी क्लोरीन आल्यावर बनणारे तीव्र, दाहक कार्बनी अम्ल. फ्रेंच रसायनज्ञ झां बातिस्त द्युमा यांनी ते १८३९ मध्ये तयार केले. स्फटिक पांढरे असून सुमारे ५७° से.ला वितळतात, हवेतला ओलावा शोषून ते पाझरतात, म्हणून बाटलीचे बूच घट्ट लागते.

जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत त्याचे काम ठरलेले आहे. रक्तद्रवात त्याचा १० ते २० टक्के विद्राव मिसळला की प्रथिने साकळून पांढरा साका खाली बसतो व वरचा निवळ द्रव चाचणीला मिळतो.

वैद्यकात चामखीळ जाळण्यासाठी आणि त्वचेचा वरचा थर सोलण्यासाठी ते वापरतात. जड दागिन्यांनी ओघळलेले कानाचे भोक बुजवण्याचा उपयोग तर आपल्याकडे विशेष मोलाचा. भोकाच्या कडांना तीव्र विद्राव काडीने लावतात; कडा पांढऱ्या पडतात, जखम भरताना आकसतात. मात्र गव्हाळ व सावळ्या त्वचेवर काळे डाग राहण्याचा धोका मोठा असतो. डोळ्यात गेल्यास कायमची इजा होऊ शकते. बाजारात सहज मिळते म्हणून ते घरी लावू नये; त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे.