रेवसच्या वाटेवर

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून उठून पश्चिमेकडे थोडे चालले की समुद्र लागतो. संध्याकाळी तो आम्हांला जवळजवळ घरगुती वाटतो. या मैदानाला १९२७ साली शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी कोकणच्या समुद्रात एकाच दिवशी बुडाल्या, याची आठवण मात्र आता कोणी काढीत नाही.

कोकणातील शेती एका पावसाची, तीही तुकड्यातुकड्यांची. पोटासाठी पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आला आणि सणावाराला घरी जाताना आगबोटीत चढला. कोकण रेल्वे पुरी झाली ती १९९८ साली. तोवर डोंगर आणि खाड्या ओलांडण्यापेक्षा समुद्र सोयीचा व स्वस्त होता. धोकाही त्या तिकिटातच येई.

१७ जुलै १९४७. आषाढी अमावास्येचा सुमार, स्वातंत्र्य महिन्यावर आलेले. 'रामदास' बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. तीवर सातशेच्या आसपास माणसे होती, त्यांत गिरगाव-परळकडची कितीतरी. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटेने बोट एका अंगावर कलली. घाबरलेली माणसे एकाच बाजूला धावली आणि त्यांच्याच भाराने ती उलटली. सहाशेहून अधिक जीव गेले. मासळी घेऊन निघालेल्या कोळी बांधवांनी हाती लागतील तेवढ्यांना आपल्या होड्यांत घेतले. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. इतक्या जवळची बातमी मुंबईला कळायला दुपार उलटून गेली. अमावास्येला दोष देणे सोपे. आम्हांला तो त्या नसलेल्या यंत्राला द्यावासा वाटतो.

फेब्रुवारी १९९३ मध्ये हैतीच्या 'नेपच्यून' बोटीची वार्ता आली, तेव्हा ती आम्हांला परकी वाटली नाही. जेरेमी गावाहून राजधानीकडे निघालेली गरीब माणसे, खराब रस्ते म्हणून धरलेला सागरी मार्ग, पावसाची सर, तीच धावाधाव. शेकडो बुडाले. त्याच देशातील काहींनी तर देशच सोडण्यासाठी मोडक्या होड्या पाण्यात लोटल्या होत्या. त्यांपैकी ३३ जणांची प्रेते ऑक्टोबर १९८१ मध्ये फ्लॉरिडाच्या किनाऱ्याला लागली. आपला चाकरमानी निदान घरी जात होता. यांना मागे फिरायला घर उरले नव्हते.

२०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह माणसे नेणारी मोठी बोट सुरू झाली. 'रामदास' निघाली ती याच धक्क्यावरून.